कुकरच्या रबरांचं कॉलेज

आनंद उकिडव्यांनी कॉलेज काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचा विश्वास बसला नाही. कॉलेज काढायला जे लागतं त्यातलं उकिडव्यांकडे काहीच नव्हतं. पक्ष नव्हता, पांढरी गाडी नव्हती, आणि वाढदिवसाला चौकात आपले फोटो लावणारी माणसंही नव्हती. त्यांच्याकडे औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता, त्यात प्रेशर कुकरची रबरं काढणारा एक प्रेस होता, आणि तो प्रेस चालवणारा सूरज नावाचा एक माणूस होता. कुकर गळायला लागला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून जे काळं रबर आणतो, त्यातली बरीचशी उकिडव्यांच्या गाळ्यातून गेलेली असतात. लोकांच्या घरच्या शिट्ट्या वेळेवर व्हाव्यात म्हणून या माणसानं उभं आयुष्य घातलं, पण त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. रबर चांगलं असलं की त्याची आठवण कुणालाच होत नाही.

कॉलेजची कल्पना मुळात त्यांची नव्हतीच. ती शुभदाची, त्यांच्या बायकोची. शुभदा कल्याणच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं घरच्या जेवणाच्या टेबलावर काही मुलींना बी.कॉम.साठी शिकवायला घेतलं. या मुली वसाहतीतल्या कंपन्यांत पॅकिंगला होत्या. कुणी दिव्याहून यायची, कुणी आंबिवलीहून. मुक्त विद्यापीठात नाव घालायचं, पुस्तक उघडायला वेळ मिळायचा नाही, नापास व्हायचं, पुन्हा नाव घालायचं, असं त्यांचं चाललेलं. शुभदा म्हणायची, "अरे, कारखाने आहेत तिथेच कॉलेज पाहिजे. शिफ्ट सुटली की समोरच्या दारात शिरायचं. एकदा घरी गेल्या की त्यांच्या हातात लाटणं येतं, मग कुठलं बी.कॉम.?" यावर उकिडवे "हं" म्हणायचे. त्यांच्या संसारात शुभदा बोलायची आणि उकिडवे "हं" म्हणायचे. दोघांचं बरं चाललं होतं.

मग शुभदा गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आणि ती घरी आली नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात त्या मुली. भेटायला आल्या असतील म्हणून उकिडवे पाणी आणायला गेले. येऊन बघतात तर मुली टेबलाभोवती आपापल्या जागी बसून पुस्तकं उघडत होत्या. त्यांच्यातली वैशाली नावाची मुलगी जरा धीट होती. ती म्हणाली, "सर, आम्ही नुसत्या वाचत बसतो. घरी बसायला जागा नाय." उकिडवे आत पलंगावर जाऊन बसले. बाहेरून पानं उलटल्याचा आवाज येत होता. गेले दोन आठवडे येणारी-जाणारी माणसं बोलत होती, "झालं ते वाईट झालं," "आता स्वतःला सांभाळा." त्या सगळ्या बोलण्यापेक्षा हा आवाज त्यांना बरा वाटला.

आठवडाभरात सोसायटीचे सेक्रेटरी मुकुल वर्तक वर आले. वर्तक पाणी खात्यातून निवृत्त झालेले होते आणि पाणी सोडून सगळ्या विषयांवर सल्ला द्यायचे. पाण्याचं विचारलं तर म्हणायचे, त्यात आपल्या हातात काही नसतं.

"आनंद, वाईट वाटून घेऊ नकोस," वर्तक म्हणाले. "पण कमिटीत विषय आलाय. चपलांचा."

"चपलांचा?"

"तुझ्या दारात चपला फार दिसतात."

"तेराव्यालाही दिसत होत्या की."

"ते वेगळं रे. ते प्रसंगाचं असतं. हे रेग्युलर आहे. निवासी इमारतीत शिकवण्या चालत नाहीत."

उकिडवे गप्प बसले. वर्तकांना दुसऱ्याचं गप्प बसणं सहन होत नसे. सेक्रेटरी म्हणून नोटीस द्यायची आणि शेजारी म्हणून तिच्यातून वाट काढून द्यायची, हे त्यांचं ठरलेलं होतं.

"तुझा गाळा आहे ना? अर्धा रिकामाच पडलेला असतो. तिकडे हलव सगळं. अरे, मी तर म्हणतो बंद कर ती रबरं. वय काय आपलं? रीतसर अभ्यासकेंद्र काढ. शुभदावहिनींचं नाव दे. कारखान्यांच्या मधोमध कॉलेज! हेच म्हणायच्या ना त्या?"

उकिडवे या वेळी "हं" म्हणाले नाहीत. "हो," म्हणाले. पुढचं सगळं त्या एका शब्दानं झालं.

मुक्त विद्यापीठानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. एकच कागद मागितला. ही जागा शिक्षणासाठी वापरायला हरकत नाही, असा. वसाहतीतल्या गाळ्यांचा कारभार ज्या प्राधिकरणाकडे होता त्याचं ऑफिस रिक्षाच्या अंतरावर होतं. एक कागद आणायला किती वेळ लागणार, म्हणून उकिडवे डबासुद्धा न घेता गेले.

तिथे वापर परवानगीच्या टेबलावर रत्नदीप साळवे नावाचे अधिकारी होते. शांत माणूस. टेबलावर एक कागद सुटा नव्हता. हे पाहून उकिडव्यांना बरं वाटलं. पुढे अनुभवानं त्यांना कळलं की टेबल स्वच्छ असलेल्या अधिकाऱ्याकडे कागद अडला तर तो हरवला अशी आशाही करता येत नाही.

"औद्योगिक क्षेत्रात शैक्षणिक वापर नाही बसत, काका," साळवे म्हणाले.

"मग काय बसतं?"

"बँक, उपाहारगृह, पेट्रोल पंप, वजनकाटा, गोदाम, दवाखाना."

"बार?"

"परवाना असेल तर."

"म्हणजे मुली शिफ्ट सुटल्यावर माझ्या गाळ्यात बसून दारू प्यायल्या तर चालेल, ताळेबंद मांडला तर नाही."

इतकं लांब वाक्य उकिडवे सरकारी ऑफिसात पूर्वी कधी बोलले नव्हते. ते स्वतःच घाबरले आणि लगेच "सॉरी" म्हणाले.

साळव्यांना राग आला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागे वसाहतीतल्या एका कंपनीत स्फोट झाला त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. लांबच्या एका शाळेच्या काचा फुटल्या होत्या. वर्गात जाऊन बाकांवरच्या काचा मी गोळा केल्यात. सुट्टी होती म्हणून बाक रिकामे होते. तेव्हापासून या क्षेत्रात वर्ग म्हटलं की मला ते बाक दिसतात."

"पण या मुली दिवसभर त्याच कंपन्यांत असतात. तेव्हा नाही का काचा लागत?"

"लागतात ना. ते मला थांबवता येत नाही. माझ्या सहीनं जे येणार, तेवढंच मला थांबवता येतं."

भांडायला गेलेल्या माणसाचं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे समोरचा भला निघणं. निदान उर्मट तरी निघावा. इथे तेही नाही. वर साळव्यांनी चहा मागवला.

"एक आहे," चहा आल्यावर साळवे म्हणाले. "उत्पादनाला पूरक असं प्रशिक्षण चालतं. प्रशिक्षणाची जागा उत्पादनाच्या जागेपेक्षा कमी हवी. आणि कारखाना चालू हवा."

"मी तर कारखाना बंद करून कॉलेज काढणार होतो."

"बंद केलात तर पूरक कशाला?"

संध्याकाळी वर्तकांनी हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "सुटलास! प्रेस चालू ठेव. मध्ये पार्टिशन घाल. बाहेर पाटी लाव, 'रबर उत्पादन प्रशिक्षण विभाग'. आत बी.कॉम. शिकव. कोण बघतंय? विद्यापीठाचं मागाहून बघू. आधी पोरी पास होऊ देत."

पाटी लागली. मुलींनी तिला हळदकुंकू वाहिलं. शिकवायला शुभदाच्या कॉलेजातल्या क्षिप्रा मॅडम आल्या. मैत्रिणीसाठी आल्या, पैसे नको म्हणाल्या, फक्त पंखा हवा म्हणाल्या. पंखा लावला, तर रबर शिजल्याचा वास अख्ख्या वर्गात नीट पसरायला लागला. पंखा बंद केला, तर वास एका जागी राहायचा, पण तो मॅडमच्या जागी राहायचा.

पहिल्या दिवशी मॅडमनी खडू घेतला. "मुलींनो, घेणाऱ्याला नावे—"

प्रेस बंद झाला, धप्प.

"देणाऱ्याला—"

प्रेस उघडला, फुस्स.

"सूरज!"

पार्टिशनवरून सूरजचं डोकं आलं. "मॅडम, माल तापलाय. आता थांबवला तर वाट लागल. तुम्ही बिनधास्त बोला ना, मला काय त्रास नाय."

पण मुली आल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं शिफ्टला सांगितलं. मुली वाढल्या तसं बसायला जागा होईना, म्हणून वैशाली आणि मंडळी रोज पार्टिशन बोटभर पलीकडे ढकलायच्या. एक दिवस सूरज उकिडव्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "सेठ, खरं सांगा. मी जाडा होतोय, का गाळा बारीक होतोय? काल वळलो तर ढोपर भिंतीला लागला."

इथपर्यंत बरं चाललं होतं. उकिडव्यांना रात्री झोप लागायला लागली होती. आणि झोप लागायला लागलेला माणूस बेसावध होतो.

वसाहतीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. ज्यांच्याशी आपलं काम पडतं त्यांना या दिवशी बोलवायचं, अशी रीत आहे, आणि ती शुभदानं कटाक्षानं पाळलेली. ती असती तर चहा पाजणाऱ्या साळव्यांना तिनं नक्की बोलावलं असतं. म्हणून उकिडव्यांनी बोलावलं. स्वतः ऑफिसात जाऊन, आग्रहानं. जगात बेकायदा कामं करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण तपासणी अधिकाऱ्याला "नक्की या हं, वाट बघतो" असं सांगून आलेला उकिडव्यांसारखा माणूस वसाहतीच्या इतिहासात झाला नसेल.

साळवे आले. बूट बाहेर काढून आले. आत प्रेसला माळ घातलेली, प्रेससमोर पाटावर मुलींच्या पुस्तकांची चळत, पुस्तकांवर फुलं, आणि सगळा गाळा भरून नव्या साड्यांतल्या मुली चिवडा खात होत्या. साळव्यांनी नमस्कार केला, पेढा घेतला, आणि मग सवयीनं इकडेतिकडे बघितलं.

"प्रेस बंद आहे?"

"आज चालवत नाहीत ना," उकिडवे म्हणाले.

"आणि प्रशिक्षण?"

"पुस्तकं पूजेला. आज वाचतही नाहीत."

"म्हणजे आत्ता इथे उत्पादनही नाही आणि प्रशिक्षणही नाही."

"आज सण हाय साहेब," सूरज म्हणाला. "सणाच्या दिवशी धंदा बघायला आलात, तर काय दिसणार?"

साळव्यांनी चळतीतलं वरचं पुस्तक फुलांना धक्का न लावता वाचलं. "खर्चलेखन. द्वितीय वर्ष."

"रबराचं," वर्तक पटकन म्हणाले. वर्तकांना कुणी विचारलं नव्हतं. "रबराचं खर्चलेखन. फार खोल विषय आहे."

साळव्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. जुन्या पार्टिशनची रेघ फरशीवर स्पष्ट दिसत होती आणि खुद्द पार्टिशन पार पलीकडे सूरजच्या ढोपरापाशी पोचलं होतं. "काका," ते हळू म्हणाले, "हे सरकलंय."

"मुली वाढल्या," उकिडवे म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना आयत्या वेळी सुचत नसे.

"पेढा छान होता," म्हणून साळवे गेले, आणि दिवाळीच्या आत नोटीस आली. प्रशिक्षणाची जागा उत्पादनापेक्षा जास्त झाली आहे, एकतर हे कमी करा नाहीतर ते वाढवा. प्रशिक्षणार्थींना हेल्मेट आणि सुरक्षा बूट द्या. आणि प्रशिक्षण हे उत्पादनाचंच असल्याचं दिसू द्या.

"मुली कमी करणार?" वर्तकांनी विचारलं.

कुठल्या मुलीला सांगायचं की तू येऊ नकोस? उकिडव्यांनी शेजारचा गाळा भाड्यानं घेतला आणि दुसरा प्रेस आणला. जो माणूस प्रेस बंद करायला निघाला होता, तो आता कॉलेजसाठी प्रेस विकत घेत होता. हेल्मेटं आली, पिवळी. क्षिप्रा मॅडमनाही घालावं लागलं. फळ्याकडे वळल्या की ते त्यांच्या डोळ्यांवर यायचं आणि 'एकूण जमा' ही अक्षरं फळा सोडून भिंतीवर जायची. आणि उत्पादनाचं प्रशिक्षण म्हणून प्रत्येक मुलीनं वर्गाआधी तासभर प्रेसमधून निघालेल्या रबरांच्या जादा कडा कापायच्या असं ठरलं.

इथे एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. या मुलींचे हात पॅकिंगमध्ये तयार झालेले होते. त्या गप्पा मारत, नफातोट्याची कलमं पाठ म्हणत, अशी रबरं कापायच्या की सूरज तोंडात बोट घालायचा. माल साचायला लागला. साचलेला माल विकणं भाग होतं, म्हणून उकिडवे पिशवी घेऊन कल्याणपासून ठाण्यापर्यंत भांड्यांची दुकानं फिरले. रबरं चांगली होती, ती खपली. मग एका कुकर कंपनीची ऑर्डर आली. ऑर्डर वाढली म्हणून तिसरा प्रेस आला. तासाचे दीड तास झाले. "फक्त या आठवड्यात हं," उकिडवे मुलींना म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्यातही हेच म्हणायचे. वर्ग आता कापता कापता व्हायला लागला. क्षिप्रा मॅडम टेबलांमधून फिरत मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि मुलींचे डोळे कात्रीवर असायचे.

उकिडव्यांची मुलगी उर्वी ठाण्याला कोपरीत राहायची. तिचा फोन आला. "बाबा, आईचं कॉलेज कसं चाललंय?"

"जोरात. तिसरा प्रेस घेतला."

उर्वी म्हणाली, "जेवलात का?"

याच सुमारास प्राधिकरणानं नियमच बदलायचं काढलं. औद्योगिक क्षेत्रात कॉलेजांना परवानगी द्यावी की नाही, यावर ठाण्यात जाहीर सुनावणी ठेवली. हरकती आणि सूचना ऐकणार होते. उकिडव्यांना वाटलं, संपलं आता सगळं. इस्त्रीचा शर्ट घालून वर्तकांना घेऊन गेले.

आधी कारखानदार बोलले. एक म्हणाले, "कॉलेज आलं की पोरं येतात. पोरांच्या मागून पालक येतात. पालक म्हणतात वास येतो, कारखाना हलवा. अहो, आम्ही आधी आलोय." टाळ्या पडल्या. उकिडव्यांच्या मनात आलं, यात खोटं काय आहे? आणि आपण कारखानदार असून आपल्याला टाळी का वाजवता येत नाही?

मग परवानगीच्या बाजूनं एक गृहस्थ उठले. त्यांच्याबरोबर काचेच्या पेटीतला नमुना होता. काचेचंच कॉलेज, मागे वसतिगृह, त्याच्या मागे कर्मचारी निवासाचे उंच उंच टॉवर, टॉवरमध्ये पोहायचा तलाव. "या परिसरातल्या कष्टकरी मुलींसाठी," ते गृहस्थ भरल्या आवाजात म्हणाले.

"हा तुझ्या बाजूचा आहे," वर्तक कुजबुजले.

"हो ना," उकिडवे म्हणाले. "तेच वाईट वाटतंय."

त्यांचं नाव पुकारलं. माइकपाशी जाऊन ते म्हणाले, "माझा एक गाळा आहे. तिथे काही मुली—"

"आपण उद्योजक म्हणून बोलताय की शिक्षणसंस्था म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं. "नोंदीसाठी."

उकिडवे विचार करत राहिले. प्रामाणिकपणे विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही."

सभागृह हसलं. बऱ्याच वेळानं सगळ्यांना एकत्र हसायला मिळालं होतं, कारखानदारांनाही आणि टॉवरवाल्यांनाही. उकिडवे खाली येऊन बसले. वर्तकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या दिवशी एकही सल्ला दिला नाही.

नियम बदलला. औद्योगिक क्षेत्रात कॉलेज चालेल, पण मोठ्या, काही एकरांच्या भूखंडावर. उकिडव्यांच्या गाळ्यात त्या एकरांचा नकाशासुद्धा नीट पसरता आला नसता.

याच्यावर कडी म्हणजे त्याच महिन्यात प्राधिकरणानं उकिडव्यांचा सत्कार केला. महिलांना काम देणारा आदर्श लघुउद्योग. शाल, नारळ, आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह, ज्यावर त्यांचं नाव बरोबर होतं. तरुण वयात ते मिळालं असतं तर उकिडवे ते घेऊन नाचले असते. आता ते शाल खांद्यावर तशीच ठेवून गाळ्यात आले. परीक्षा तोंडावर होती. आत मुली माना खाली घालून रबरं कापत होत्या. क्षिप्रा मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. पुस्तक मिटलेलं होतं.

"सर, अभिनंदन," वैशाली म्हणाली. "एक बोलू? रागावणार नाय ना?"

"बोल."

"आम्ही कंपनीत शिफ्ट करतो. मग इकडे येऊन परत हेच करतो. तिकडे हेल्मेट, इकडे हेल्मेट. तिकडे पगार तरी देतात." बाकीच्या मुली "ए, गप ना" करायला लागल्या, पण ती थांबली नाही. "तुम्ही चांगले आहात सर, ते सगळ्यांना माहितीय. पण परीक्षेत रबर विचारणार नाहीत."

उकिडव्यांना रागावता आलं नाही. त्यांच्या डोक्यात हे कॉलेज होतं, आणि कॉलेजात मुलांना कुणी पगार देत नाही. ऑर्डर पुरी करताना मात्र तो कारखाना होता. जे सोयीचं तेव्हा ते. शुभदाच्या नावानं आपण मुलींची दुसरी शिफ्ट काढली, हे त्यांना शाल खांद्यावर असताना कळलं. त्यांनी शाल काढली, पण ठेवायला जागा नव्हती. सगळ्या टेबलांवर रबरं होती.

"सूरज, बंद कर."

"सेठ, माल आत हाय."

"तो निघाला की बंद कर. तिन्ही."

मुलींनी कापलेल्या मालाचे पैसे त्यांनी त्यांना वाटून टाकले, पुढची ऑर्डर घेणार नाही असं कुकर कंपनीला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी साळव्यांकडे गेले.

"उत्पादन बंद केलंय. सांगायला आलो."

साळव्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "काका, नसतं सांगितलंत तर मला कळायला बरेच दिवस लागले असते."

"तुम्ही पूजेला आला होतात. तुमच्याशी कसं लपवायचं?"

"आता पूरक वापर संपला. मला सील लावावं लागेल."

"माहीत आहे."

"परीक्षा कधी आहे?"

"सोमवारपासून."

साळव्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "फाइल आज वर पाठवतो. वरच्या साहेबांची सही व्हायला महिना जातो. कधीकधी दोन."

ते थोडे दिवस उकिडव्यांच्या गाळ्यात खरोखरचं कॉलेज होतं. पार्टिशन काढून टाकलं. हेल्मेटं कोपऱ्यात रचून ठेवली. यंत्रांचा आवाज नव्हता, त्यामुळे क्षिप्रा मॅडमचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. शेवटच्या बाकावर उकिडवे बसायचे, कारण त्यांना दुसरं काही काम उरलं नव्हतं. शुभदा आयुष्यभर काय शिकवत होती ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. एक दिवस घसारा चालू होता. वस्तू जागेवर नुसती असली तरी तिची किंमत वर्षावर्षाला कमी होते, आणि ती कमी झालेली कबूल करावी लागते, नाहीतर सगळा हिशोब खोटा होतो, असं मॅडम म्हणाल्या. उकिडव्यांनी इतक्या जोरात मान हलवली की शेजारच्या मुलीनं त्यांच्याकडे वळून बघितलं.

त्याच तासाला साळवे दारात आले. हातात कापड, लाख आणि शिक्का. सोमवार अजून यायचा होता, आणि वरच्या साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच आल्या दिवशी फाइलवर सही केली होती.

"काय चालू आहे?" साळव्यांनी हळू विचारलं.

"घसारा," उकिडवे म्हणाले.

"संपू दे."

ते उकिडव्यांच्या शेजारी बाकावर बसले. क्षिप्रा मॅडमनी चष्म्यातून बघितलं. "मागे कोण आलंय? उशिरा आलात तरी चालेल, पण वही काढा." साळव्यांनी इकडेतिकडे बघून खिशातून डायरी काढली आणि उदाहरण उतरवून घेतलं. त्यांचं उत्तर चुकलं. वैशालीनं वळून ते बघितलं आणि कुठे चुकलं ते पेन्सिलीनं दाखवलं.

तास संपला. मुली पिशव्या उचलून बाहेर आल्या. सूरजनं शटर ओढलं. साळव्यांनी कुलपाला कापड गुंडाळलं आणि लाख वितळवायला काडी ओढली. वारा होता, काडी विझली. दुसरी विझली. तिसऱ्या वेळी वैशालीनं दोन्ही हातांचा आडोसा धरला आणि लाख वितळली. साळव्यांनी शिक्का दाबला. क्षिप्रा मॅडम पलीकडे तोंड करून उभ्या होत्या. समोरच्या कंपनीची शिफ्ट सुटली होती आणि बायकांचा लोंढा गाळ्यासमोरून चालला होता. त्यातल्या दोघी थांबल्या. एकीनं विचारलं, "इथंच ना ते, बी.कॉम.चं?" आणि कुलपाकडे बघून पुढे गेल्या.

"येतो काका," साळवे म्हणाले, पण लगेच गेले नाहीत. शिक्का रुमालानं पुसत उभे राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

मुली निघायचं नाव घेईनात. चपला घासत, पिशव्या या खांद्यावरून त्या खांद्यावर करत त्या उभ्या होत्या. शेवटी वैशालीनं विचारलं, "सर, उद्या कुठे?"

उकिडव्यांना माहीत नव्हतं. शुभदा गेल्यापासून लोकांनी त्यांना पुष्कळ गोष्टी विचारल्या होत्या, जेवलात का, झोप लागते का, फ्लॅट विकणार का. उद्याचं कुणी विचारलं नव्हतं.

"सात वाजता," ते म्हणाले. "जागा कळवतो."